मीठ, पुरुष आणि रक्तदाब

पांढुर्णा-सौंसरकडील शेतकरी बंधू-भगिनींनो, खच्ची न केलेला गोऱ्हा आणि खच्ची केलेला बैल यांतला फरक तुम्हांला सांगायला नको. मान, वशिंड, स्वभाव, सारेच बदलते. अंडकोशात तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरोन नावाच्या रसाची ही करामत. हाच रस रक्तदाबातही हात घालतो.

रक्तातले जादा मीठ मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. काहींच्या मूत्रपिंडांना हे काम पुरेसे जमत नाही. मीठ अंगात राहते, ते पाणी धरून ठेवते, आणि पाटात जास्त पाणी सोडल्यावर बांधावर ताण यावा तसा रक्तवाहिन्यांवर ताण येतो.

१९६० च्या दशकात अमेरिकेत लुईस डाल यांनी उंदरांचे दोन वाण निवडून वाढवले : मिठाने रक्तदाब चढणारा आणि न चढणारा. चढणाऱ्या वाणात नरांचा दाब माद्यांपेक्षा जास्त वाढतो. नराचे अंडकोश काढले तर ही वाढ कमी होते. कारण पुरुषी रस मूत्रपिंडांना मीठ परत शोषायला लावतो आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या द्रव्यांना जोर देतो.

माणसात गोष्ट इतकी सरळ नाही. तरुणपणी पुरुषांचा दाब स्त्रियांपेक्षा जास्त असतो. पण पाळी बंद झाल्यावर स्त्रियांचाही वाढतो. उतारवयात रस कमी झाला तरी पुरुषाचा दाब उतरत नाही. रस आपल्या हाती नाही; मीठ आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत पुरुषांचे रोजचे मीठ सुमारे ८.९ ग्रॅम आणि स्त्रियांचे ७.१ ग्रॅम आढळले. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी, राहायला सांगते. “शेतात घाम गळतो, मीठ लागतेच” हे खरे. पण ते बहुधा रोजच्या जेवणातूनच भरून निघते.

लक्षात ठेवा :

१. ठेचा, लोणचे, पापड एकाच ताटात नकोत. वरून मीठ घेऊ नका.

२. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्या. पुन्हापुन्हा १४०/९० किंवा अधिक भरला तर उपचार घ्या. बरे वाटले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका.

३. ताकदीसाठी पुरुषी रसाची इंजेक्शने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका. त्यांनी दाब वाढू शकतो.

वाढलेला रक्तदाब दुखत नाही. पुष्कळदा लकवा मारल्यावरच तो कळतो, आणि ऐन हंगामात घराचा कर्ता हात लुळा पडतो.