बिनहप्त्याची गाडी

भाच्या, जुना ट्रक घेऊ का, असं विचारतोस. त्याआधी मला एक सांग, गाडी महिन्याला किती किलोमीटर पळणार? लोक मॉडेल विचारतात, टायर बघतात, हौद्याच्या रंगावर भुलतात. काम किती आहे ते कुणी बघत नाही.

कागद घे आणि मांड. समज, सोळा टनी जुनी गाडी भरून लिटरला 4 किलोमीटर देते आणि नवी 5. डिझेल 90 रुपये धर. महिन्याला 1,500 किलोमीटरचंच काम असेल तर जुनी 375 लिटर पिणार, नवी 300. फरक 75 लिटरचा, म्हणजे पावणेसात हजारांचा. एवढ्यात नव्या ट्रकचा हप्ता कुठला भागतोय! पण तीच जुनी गाडी मुंबई-बंगळूर लाईनला घालून महिन्याला 8,000 किलोमीटर पळवलीस तर फरक 400 लिटरवर जातो, छत्तीस हजारांवर. मग तूही हप्ता भरतोसच, बँकेऐवजी पंपावर.

हप्त्याच्या गाडीला उभं राहणं परवडत नाही, हे पक्कं ध्यानात ठेव. भाडं पडलेलं असलं तरी खेप मारावी लागते, कारण तारीख थांबत नाही. बिनहप्त्याची गाडी आषाढ-श्रावणात दारात उभी राहिली तर विमा आणि टॅक्स सोडून काही खात नाही. आपल्याकडे कराड-इस्लामपूर पट्ट्यात ऊस दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत संपतो. त्यात गाडी पळते किती? फडापासून कारखान्यापर्यंत. बाकी वेळ फडात मोळ्या भरेपर्यंत नाहीतर कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत ती उभीच. उभं राहण्याचंच काम असेल तर त्यासाठी नवीकोरी गाडी कशाला लागते? खडी, विटा, बाजार समितीचा कांदा, सगळं त्यातलंच.

दुरुस्तीचं म्हणशील तर जुन्या टाटा-लेलँडची गोष्ट वेगळी. टाटांनी 1954 साली मर्सिडीज-बेंझबरोबर ट्रक काढायला घेतले तेव्हापासून या देशातल्या मिस्त्रींचे हात त्यांवर बसलेत. 407 तर 1986 ची, आणि तिचे सुटे भाग आजही तालुक्याच्या गावात मिळतात. मेकॅनिकल पंपाची गाडी रस्त्यात बंद पडली तर फिल्टर, हवा धरलेली डिझेल लाईन, फार तर नोझल. पान्यावर काम होतं. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीत सेन्सर, धूर गाळणारा फिल्टर आणि युरियाची वेगळी टाकी. त्या गाड्या वाईट नाहीत, धूर खरोखर कमी सोडतात. पण दिवा लागला की लॅपटॉपवाला येईपर्यंत तुझा मिस्त्री बिडी ओढत बसणार.

आता गाडी बघायला जाशील तेव्हा काय करायचं ते ऐक. सकाळी लवकर जा आणि मालकाला बजावून ठेव की आधी चालू करू नका. हात लावून बघ, इंजिन गरम लागलं तर चहा घे आणि परत ये. थंड इंजिन किती सेल्फवर उठतं ते बघायचं असतं. उठलं की ऑइल भरायचं झाकण काढून तसंच उलटं ठेव. नुसतं थरथरलं तर ठीक. टुणटुण उडायला लागलं, आतून भक्‌भक्‌ धूर यायला लागला, तर ती बॅक मारतेय, रिंगा-लायनर गेलेत. इंजिन उतरवायचं काम धरून किंमत बोल. काळा धूर पंप-नोझलचा, त्याला फारसं घाबरू नकोस. निळसर धूर राहिला की ऑइल जळतंय. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर पुढचं बोलणंच नको.

पण इंजिन नवं बांधता येतं, चेसीचं तसं नाही. अंगाखाली पोतं टाकून आत सरक, बॅटरी आणि हातोडी घेऊन. केबिनच्या मागे आणि पाट्यांच्या हँगरजवळ चेसीवर हळूहळू ठोकत जा. खणखणीत आवाज यावा. कुठे बद्द वाजलं की बोटाने चाचप, पत्रा सोलल्यासारखा गंज निघेल. कंपनीची चेसी रिबीट-बोल्टची असते. मध्येच वेल्डिंगची शिवण आणि वर ताजा काळा रंग दिसला तर गाडी तिथे तडकली होती, आणि भरली की त्या शिवणीच्या शेजारीच पुन्हा तडकेल. मीठ आणि मासळी वाहिलेली गाडी स्वस्त मिळते. घेऊ नकोस. चेसी नंबर घासून डोळ्यांनी वाच, आरसीशी एकेक अक्षर ताडून बघ. आकडे वाकडेतिकडे, पुन्हा ठोकल्यासारखे वाटले तर कारण विचारत बसू नकोस, निघून ये.

टायरवरून भाव वाढवून मागतील. पुढचे दोन्ही बघ, एका बाजूने खाल्ले असतील तर किंगपिन आणि बुशांचा खर्च आला. मागे रिमोल्ड चालतील, पुढे कधीच नाही.

कागदांत लोक फसतात. आठ वर्षांपर्यंत पासिंग दोन-दोन वर्षांचं, त्यानंतर दरवर्षी. पंधरा वर्षांवरच्या अवजड गाडीची पासिंगची फी एप्रिल 2022 पासून साडेबारा हजार झाली आणि फार जुन्या गाड्यांना पुढे आणखी वाढली. आजचा आकडा एजंटला नाही, आरटीओत विचार. आठ वर्षांवरच्या मालगाडीला आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा. नॅशनल परमिट दोन अ‍ॅक्सलच्या गाडीला 12 वर्षांपर्यंतच, मल्टी-अ‍ॅक्सलला 15. त्यानंतर गाडी राज्यातच फिरवायची. म्हणून तर तेराव्या वर्षी गाड्या ढिगाने विकायला येतात, आणि राज्यातच काम असलेल्याने त्याच वेळी घ्यावी. बोजा उतरलाय का बघ, बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात पडल्याशिवाय इसाराच्या वर पैसे देऊ नकोस. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन गाडी लगेच नावावर कर. ‘चालव की, नाव नंतर करू’ म्हणणाऱ्याकडून घेऊच नकोस. पासिंग संपलेल्या गाडीने अपघात केला तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते.

ब्रेकला पैसे कमी करू नकोस. घेतल्या दिवशी चारी ड्रम उघड, लायनर बघ, हवेच्या नळ्या बदल. इंजिन बंद करून हवेचा काटा बघत थांब. भराभर खाली आला तर गळती आहे. खंबाटकी असो की आंबा घाट, ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणारे पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर काय करून बसतात ते पेपरात येतंच. जुन्या गाडीला तर ती चूक मुळीच माफ नाही.

आणि ड्रायव्हर. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीवर आता पोरं बसत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. नव्या बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला आता एसी सक्तीचा झालाय. मे महिन्यात बॉनेटशेजारी भाजत कोण बसेल? जुनी गाडी ज्याची त्याने चालवायची, निदान घरातल्या माणसाने.

तेव्हा तूच चालवणार असशील, काम जिल्ह्यातलं असेल आणि खिशात गाडीच्या किमतीवर आणखी पाऊण-एक लाख दुरुस्तीला बाजूला असतील, तर घे. कर्ज काढून जुनी गाडी घेणार असशील तर मात्र नको. त्यापेक्षा दोन वर्षं दुसऱ्याच्या नव्या गाडीवर ड्रायव्हरकी कर.