माल धाटावचा, कागद ग्वाल्हेरचा

प्रश्न : मी धाटाव एमआयडीसीत डिस्पॅचला आहे. अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइडचे ड्रम परदेशी पाठवायला ग्वाल्हेरचं ना-हरकत पत्र कशाला? हे काय अफू आहे? – एक वाचक, रोहा

उत्तर : अफू नव्हे, पण अफूचा सोबती. व्हिनेगरसारखा नाकाला झोंबणारा हा द्रव अ‍ॅस्पिरिनला लागतो, तसाच मॉर्फिनचं हेरॉइन करायलाही. म्हणून १९८८च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात त्याचं नाव आहे आणि पत्र देतो ग्वाल्हेरचा केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो. माल निघण्याआधी घेणाऱ्या देशाला सूचना जाते, २००६पासून ऑनलाइन. त्या यंत्रणेचं नाव ‘पेन’. आपल्या पेणशी तिचा काडीचा संबंध नाही! तिकडून हरकत आली की ड्रम इथेच.

खुद्द मॉर्फिन-कोडीनला १९६१चा करार याहून कडक. आधी घेणाऱ्या देशाचं आयात प्रमाणपत्र, मगच आपला निर्यात परवाना; त्याची प्रत मालासोबत. माल पोचला की प्रत्यक्ष किती उतरला तो आकडा लिहून तिथलं सरकार परवाना परत धाडतं. वाटेत दहा किलो कमी झाले, तर तिथेच कळतं.

तुम्ही एवढंच करा : पत्र आणि इन्व्हॉइसवरचं वजन व घेणाऱ्याचं नाव गाडी भरण्याआधी ताडून पाहा.