वजनाच्या काट्याला न दिसणारं

दहावी-बारावीच्या मुलांना घेऊन पालक येतात ते बहुतेकदा वजनाचीच तक्रार घेऊन. "डॉक्टर, ही किती सुटलीय बघा", नाहीतर "ह्याच्या अंगाला काही लागतच नाही". वजन मी करतोच. पण मुलाशी एकट्याशीही बोलतो आणि वजनासाठी सध्या काय काय चाललंय ते विचारतो. खरा धोका बऱ्याचदा तिथे सापडतो.

डबा मैत्रिणीला देऊन टाकायचा, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाऊन उलटी काढायची, हे मुली घरी सांगत नाहीत. उलटीतल्या आम्लाने दातांवरचं कवच झिजतं, रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. जुलाबाच्या गोळ्यांनी तर चरबी घटतच नाही. अन्नातली ऊर्जा लहान आतड्यात आधीच शोषली गेलेली असते. बाहेर पडतं ते पाणी आणि क्षार. काटा किलोभर कमी दाखवतो, पाणी प्यायलं की पुन्हा तिथेच येतो. मुलग्यांचं वेगळं. जिममध्ये कुणीतरी सांगितलं म्हणून ते स्टिरॉइड घेतात, आणि हाडं वाढायची थांबून उंची कायमची खुंटू शकते. भूक मरावी म्हणून सिगारेट ओढणारी मुलंही आहेत.

याची सुरुवात अनेकदा घरातल्या "ढोली", "सुकड्या" अशा हाकांनी होते. कृपा करून त्या बंद करा. चिडवल्याने वजन उतरत नाही, मुलं चोरून खायला लागतात. पाळी येण्याच्या सुमारास मुलीच्या अंगावर थोडी चरबी चढणं स्वाभाविकच आहे. मोठ्यांचा बीएमआयचा तक्ता या वयाला लावू नका.

लठ्ठपणाकडे दुर्लक्ष करा, असं मात्र मी म्हणत नाही. मानेवर काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा दिसला की आई तो घासून घासून धुते. तो मळ नव्हे. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती बहुधा खूण असते. रक्तातली साखर तपासून घ्या.

सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, चक्कर येऊ लागली किंवा वजन झपाट्याने उतरलं, तर थांबू नका. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतात. मूल गप्प गप्प राहत असेल, जगणं नकोसं झाल्याचं बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका आणि टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. मुलाला संकोच वाटत असेल तर आधी तुम्ही बोला.