विजापूर पाहताना घ्यावयाची काळजी

कर्नाटकातील विजापूर, म्हणजे आजचे विजयपूर, पाहून परतणाऱ्यांपैकी अनेकांचा अनुभव असा असतो की भर दुपारी गोलघुमट गाठल्यामुळे तेथील सज्जात कुजबुजीऐवजी आरोळ्यांचा गलबला ऐकावा लागतो, जिने चढून पाय थकतात आणि शहराचा उरलेला भाग घाईघाईने उरकला जातो. याचे कारण वास्तूच्या रचनेतच आहे; मुहम्मद आदिलशहाच्या (मृत्यू १६५६) या समाधीच्या घुमटात आतून फिरणारा जो गोल सज्जा आहे, त्याच्या वक्र भिंतीलगत हळू उच्चारलेला शब्द जसा पलीकडच्या टोकाला स्पष्ट पोहोचतो, तसाच गोंगाटही पुन्हा पुन्हा घुमत राहतो. म्हणून सकाळी दार उघडताच, सहलींची गर्दी होण्यापूर्वी, कोपऱ्यातील सातमजली मनोऱ्याच्या अरुंद जिन्याने वर जावे आणि उतरल्यावर चौथऱ्यावरील कबरी पाहताना, त्या केवळ प्रतिकृती असून मूळ दफनस्थान खालच्या तळघरात आहे, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर जामा मशीद पाहावी. मात्र ती आजही वापरात असल्यामुळे शुक्रवारची दुपार टाळावी. शेरजा बुरुजावरील मुलूखमैदान तोफेपाशी मराठी वाचकाने विशेष थांबावे, कारण १५४९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत ओतलेली ही तोफ परांडा किल्ल्यावरून येथे आणली गेली आणि तिच्या तोंडाशी हत्तीला गिळणाऱ्या हिंस्र पशूचा जबडा घडवलेला आहे.

सर्वाधिक हानी होते ती तटाबाहेर पश्चिमेस असलेल्या इब्राहिम रोझाची, कारण तेथे बहुतेक जण दिवस मावळताना पोहोचतात. रोझा म्हणजे बागेतील समाधी. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या (मृत्यू १६२७) या समाधीच्या खिडक्यांत दगड कोरून अक्षरांचीच जाळी केलेली असल्याने ती वाचण्यास भरपूर उजेड आणि सवड दोन्ही लागतात. गोलघुमट त्याच्या आकारामुळे क्षणात मनावर ठसतो, रोझाचे सौंदर्य मात्र जवळून निरखल्यावरच उलगडते. तेव्हा दिवसाच्या वेळेची वाटणी करताना वास्तूची उंची प्रमाण मानू नये. वेळ अपुरा पडलाच, तर दुसऱ्या अली आदिलशहाची अपुरी राहिलेली समाधी, म्हणजे बाराकमान, धावती पाहावी, परंतु रोझासाठी दुपारचे दोन तास राखून ठेवावेत.