सगळंच विकू की एकच?

प्रश्न : सांगलीहून हळद, बेदाणा, मसाले, लोणची वेबसाइटवर विकायची आहेत. फायद्याचं काय ठरेल?

उत्तर : बेदाणा घ्या, बाकीचं तूर्त राहू द्या. सांगलीच्या बेदाण्याप्रमाणे हळदीलाही जीआय (भौगोलिक) मानांकन आहे; पण एका घराला वर्षाला हळद लागते किती? लोणच्याची बरणी वाटेत फुटली की नफा गेलाच. बेदाणा टिकतो, दिवाळीच्या भेटीतही चालतो; शिवाय तासगावची बेदाण्याची बाजारपेठ तुमच्या दारात! मात्र किलोमागचा नफा कुरिअर, पॅकिंग वजा करूनच मोजा. बहुतेक जण इथेच फसतात. अर्ध्या किलोपेक्षा दोन किलोचा डबा परवडतो. अन्नसुरक्षा नोंदणी हवीच. परराज्यात माल पाठवणार असाल, तर उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणीही लागते. वेबसाइटवर खर्च करण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर विकून पाहा. नातेवाइकांच्या ऑर्डरी मोजू नका.