पेटीआधी फुलं मोज

पोरी, परवा फोनवर तू विचारलंस, "आजोबा, मधपेटी कितीला पडेल?" किंमत नंतर बघू. आधी एका रविवारी कंपनीला सुट्टी असेल तेव्हा सकाळी घरातून निघ आणि चारी दिशांना पंधरा-पंधरा मिनिटं चाल. वाटेत काय काय फुललंय ते वहीत लिही. आपली सातेरी माशी चाऱ्यासाठी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटर फिरते. तुझी पायपीट तेवढंच तिचं शिवार. त्यातलं किती पत्र्याच्या शेडनी आणि ट्रकच्या तळांनी व्यापलंय, ते तुझं तुलाच दिसेल.

चाकणला आता काही उरलं नाही असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. भामेच्या अंगाला अजून कांदा आहे. घरचं बी धरणाऱ्याच्या वावरात फेब्रुवारी-मार्चला डेंगळे फुलतात, तेव्हा सकाळी तिथे नुसतं उभं राहून ऐक, सगळं रान गुणगुणत असतं. बियांसाठी सोडलेली कोथिंबीर, बांधावरचा शेवगा, तूर, गिरिपुष्प हे सगळं लिही. चैत्रात कडुलिंब आणि करंज. कंपन्यांच्या कुंपणाला लावलेली झाडंसुद्धा सोडू नकोस, माशीला सातबारा कळत नाही. प्रत्येक महिन्यासमोर निदान दोन नावं आली पाहिजेत. पावसाळ्याचे महिने कोरे राहतील. ते आपण भरून काढू, कसे ते पुढे सांगतो.

माशी सातेरीच घे. आग्या मोहोळ पाण्याच्या टाकीखाली लटकलेलं दिसेल, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. ती माशी उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, पेटीत नांदत नाही. फुलोरीही झुडपात एकच छोटं पोळं करते, तीही पेटीची नव्हे. पेटीत पाळतात त्या मुख्यतः दोन, सातेरी आणि युरोपियन मेलिफेरा. मेलिफेरा आपल्याकडे १९६२ साली नगरोटा बगवान इथे रुजली. ती मध जास्त देते, पण तिला फुलोराही जास्त लागतो. म्हणून तिच्या पेट्या गाडीत घालून फुलांमागे गावोगाव न्याव्या लागतात. तुझ्या पाळीच्या नोकरीत ते जमणार नाही. सातेरी याच मातीतली. अंधाऱ्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भोकात समांतर पोळी लावून राहते. आपल्या जुन्या कांद्याच्या बराखीच्या भिंतीत कितीतरी वर्षं तिचं घर आहे.

पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तीही १९६२ मधलीच. तिथे शिकून घे. माझं सांगणं हाताचं आहे, त्यांचं शास्त्राचं. दोन्ही लागतं.

जागा निवडताना तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला ठेव, म्हणजे सकाळचं ऊन दारावर येतं आणि माशा लवकर कामाला लागतात. दुपारी सावली हवी. महामार्गाची धडधड नको आणि रात्रभर जळणारा कंपनीचा मोठा दिवाही समोर नको, माशा दिव्याकडे ओढल्या जातात आणि तिथेच मरतात. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव, नाहीतर मुंग्या आणि डोंगळे एका रात्रीत पेटी खातील. पेटी पुढच्या बाजूला किंचित उतरती ठेव, म्हणजे आत आलेलं पाणी बाहेर पडतं. जवळ उथळ परातीत खडे टाकून पाणी ठेव. खड्यांवर बसून माशा पितात, नाहीतर बुडतात.

पेटी उघडायची ती ऊन वर आल्यावर, हंगामात आठ-दहा दिवसांनी एकदा. रोज उघडलीस तर एक दिवस रिकामी पेटी बघशील, सातेरी वैतागली की घर सोडते. अंगाला अत्तर नको, डोक्याला वासाचं तेल नको, काळे कपडे नकोत. आणि आधी केळं खाऊ नकोस. माशी डसते तेव्हा केळ्यासारखा वास सुटतो आणि बाकीच्यांना तो हल्ल्याचा इशारा असतो. दारासमोर कधी उभी राहू नकोस, बाजूने काम कर. धूर गोणपाटाचा किंवा नारळाच्या काथ्याचा, पांढरा आणि थंड. दोन-तीन फुंकर पुरे. काटा रुतला तर लगेच नखाने खरवडून काढ आणि त्या जागी धूर दे. पण अंगभर गांधी आल्या, श्वास अडकू लागला, चक्कर आली तर पेटी तशीच टाकून दवाखाना गाठ. पहिल्या वेळी एकटीने पेटी उघडायची नाही, हे माझं सांगणं समज.

आत राणी शोधत बसू नकोस, तिची अंडी शोध. चौकट उन्हाकडे पाठ करून धर. कोशाच्या तळाशी तांदळाच्या कणीसारखं अंडं उभं दिसलं, तर राणी कालपर्यंत तिथे होती, इतकं पुरे. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारख्या लांब कोठ्या लोंबू लागल्या, तर घर फुटायच्या बेतात आहे. तेव्हा मला फोन कर. मग दुसरी पेटी भरायची.

आता पावसाळा. माझी पहिली वसाहत पावसातच गेली. वैशाखात फुलोरा जोरात होता, मी मधाची सगळी पोळी काढली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटली, लोक वाहवा म्हणाले. आषाढात झड लागली. पंधरा दिवसांनी झाकण उघडलं तर दोन मूठ माशा आणि चौकटींवर मेणकिड्याची जाळी. उपासाने गेल्या होत्या त्या. आजही त्या झाकणाचा आवाज आठवला की जेवण गोड लागत नाही.

म्हणून पहिल्या वर्षी मध काढायचाच नाही. दुसऱ्या वर्षी घ्यायचा तो फक्त वरच्या मधकोठीतला, तोही पोळ्याचा तीन चतुर्थांश भाग मेणाने बंद झाल्यावर. उघड्या कोशातला मध पातळ असतो, आंबतो. पिलांच्या कोठीतल्या पोळ्याला हात लावायचा नाही. झडीत साखर आणि पाणी समभाग करून पाक दे, संध्याकाळी आणि पेटीच्या आत. गूळ देऊ नकोस, त्यांना हगवण लागते. बाजारचा मधही नको, त्यातून रोग येतो. पाक बाहेर सांडला तर दुसऱ्या वसाहतीच्या माशा लुटायला येतात. माशा जितक्या चौकटी झाकतात तितक्याच आत ठेव, रिकामं पोळं म्हणजे मेणकिड्याला निमंत्रण. तळपाट दर आठवड्याला खरवडून पूस.

आणि शेजाऱ्यांच्या वावरात जा. कांद्यावर फुलकिड्यांसाठी फवारणी होतेच, ती बंद करा म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. पण फुलोऱ्यावर असलेलं रान दुपारी फवारलं की माशा तिथेच पडतात. सूर्य मावळल्यावर फवारा, एवढं गोडीत सांग. माशीने डेंगळ्याला बी जास्त धरतं, हे ते जाणतात.

वसाहत दसरा-दिवाळीच्या सुमारास भरू, तेव्हा पुढे फुलोऱ्याचे महिने असतात. बराखीच्या भिंतीतल्या माशा मी हेरून ठेवल्या आहेत. संध्याकाळी धूर देऊन पोळी एकेक कापायची आणि पिलांची पोळी चौकटीला बांधायची, वरची बाजू वरच राहील अशी. मधाची पोळी त्यात घालायची नाहीत. राणी आत गेली की बाकीच्या आपणहून मागे येतात. दाराला चार दिवस राणी अडवायची जाळी लावू. येताना केळीची सोपटं भिजवून आण, सुतळीने पोळं कापलं जातं. आणि ती वही आण, मला फुलं बघायची आहेत.