‘बर्न डाउन’ आणि मराठी क्रियापदाची साक्ष

इंग्रजीतील ‘बर्न डाउन’ हे क्रियापद घर, झोपडी, दुकान यांसारखी उभी वास्तू आगीत नष्ट होऊन भुईसपाट होणे या अर्थी येते. ‘डाउन’ या अव्ययाने जळण्याला कोसळण्याची जोड मिळते. कागद जळून नाहीसा झाला, तर इंग्रजी भाषक ‘बर्न अप’ म्हणतो. व्याकरणदृष्ट्या लक्षणीय असे की, हे क्रियापद रूप न बदलता अकर्मक आणि सकर्मक अशा दोन्ही प्रकारे योजता येते. ‘हाउसेस बर्न्ड डाउन’ एवढ्या मथळ्यावरून घरे जळाली की कोणी जाळली, याचा उलगडा होत नाही.

मराठीत अशी संदिग्धता सहसा टिकत नाही. ‘मरणे-मारणे’, ‘पडणे-पाडणे’ यांप्रमाणे ‘जळणे-जाळणे’ या जोडीतही धातूतील स्वरच कर्त्याची साक्ष देतो. सहायक क्रियापद त्याला अनुसरते: ‘जळून गेले’, पण ‘जाळून टाकले’. ‘पेटवून देणे’ आणि ‘पेटवून घेणे’ यांत तर क्रियेचा रोख दुसऱ्याकडे की स्वतःकडे, हे सहायक क्रियापदावरूनच कळते.

हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाल्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. त्यांविषयी ‘घरे जळाली’ असे लिहिल्यास वाक्य व्याकरणशुद्ध राहते. मात्र जाळणारा हात वाक्याबाहेर जातो. ‘घरे जाळली गेली’ या नवीन कर्मणी रचनेत कर्ता अनुक्त असला, तरी त्याचे अस्तित्व ‘जाळ’मधील दीर्घ स्वरात उरते. ‘जाळून टाकली’ म्हटल्यावर हेतूही सूचित होतो. याउलट १९९३ साली नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतले. तेथे ‘जळून मृत्यू’ असे लिहिणे म्हणजे त्यांचा निर्धार पुसणे होय.

इंग्रजी वृत्त वा ग्रंथ मराठीत आणणाऱ्याला म्हणूनच ‘बर्न डाउन’साठी शब्दकोशातील एक प्रतिशब्द उचलून भागत नाही. आग लागली की लावली, हे आधी पाहावे लागते. ते अज्ञात असेल, तर ‘आगीत भस्मसात झाले’ ही तटस्थ रचना मराठीत आहे. कर्ता ज्ञात असताना मात्र तिचा आडोसा घेता कामा नये.